दाढा चांगल्या होत्या, तरी काढल्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हळदीकुंकवाला गेले तरी कुणीतरी विचारतंच, "काकू, दाढा चांगल्या होत्या म्हणता, मग दोन-दोन काढून का घेतल्यात?"

कारण दुखत दाढेतच होतं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली जानेवारीतली सकाळ. दूध घ्यायला दार उघडलं, गार वारा गालाला लागला आणि खालच्या दाढेतून कानाकडे वीज गेली. दोन-तीन सेकंद, की संपलं. ब्रश लावला की पुन्हा. ओठाच्या कोपऱ्याला पदर लागला तरी कळ. गजक, म्हणजे तीळ-गुळाची कडक वडी, चावायची तर भीतीच बसली, आणि आमच्या थंडीत गजक सोडायची म्हणजे शिक्षा हो!

दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दाढेवर ठोकून पाहिलं, "कीड नाही" म्हणाले. हट्ट माझा. दाढ निघाली आणि दीड महिना खरंच बरं वाटलं. तिथेच फसले. हे दुखणं मधेच आठवडे, महिने गप्प बसतं, हे मला कुठे ठाऊक? परत आलं तेव्हा शेजारची दाढ गेली. तिसरीच्या वेळी डॉक्टरांनी हात जोडले आणि न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे, धाडलं.

त्यांनी आधी विचारलं, "झोपेतून उठवतं का?" नाही. किडलेली दाढ रात्री ठणकते, गरम चहानं पेटली की बराच वेळ शांत होत नाही. माझं सगळं स्पर्शाचं आणि सेकंदांचं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणाले, म्हणजे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचं दुखणं. या नसेला तीन फांद्या, त्यातल्या दोन वरच्या-खालच्या दातांना जातात. कवटीच्या आत नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी टेकली होती, एमआरआयमध्ये दिसली. कळ तिथली, आणि मेंदू बोट दाखवतो दाढेकडे. नसेची कळ थोपवणारी कार्बामाझेपिनची गोळी सुरू केल्यावर चौथ्या दिवशी न घाबरता दात घासले. गोळीनं गरगरतं, रक्तातलं सोडियमही तपासत राहावं लागतं, ते वेगळं.

आमच्या धाकट्या दिरांचं आणखी निराळं. वरची दाढ दुखायची, पण रोज रात्री दोनच्या सुमारास, तासभर, आणि त्याच बाजूचा डोळा लाल, नाक वाहतंय. बसवत नसे, अंगणात फेऱ्या मारायचे. पुढे ती क्लस्टर डोकेदुखी निघाली. त्याआधी एका सकाळी मात्र ते दाढ काढायलाच निघाले होते. मी स्कूटरची किल्ली काढून घेतली.