किल्ला बंद, खापरांची टेकडी चालू

इजिप्तच्या टूरमध्ये अलेक्झांड्रियाला एकच दिवस असतो. कैरोहून सकाळी निघायचं, सव्वादोनशे किलोमीटर, समुद्राकाठी फोटो, कैतबेचा किल्ला, जेवण, परत. टूर मॅनेजर म्हणून मी हे सहा वेळा केलंय आणि खरं सांगायचं तर सहाही वेळा मला ते शहर म्हणजे मरीन ड्राइव्हची थोरली बहीण वाटलेलं, बाकी काही नाही.

सातवी टूर जानेवारीत होती. शहरात शिरलो तेव्हाच आभाळ काळंठिक्कर झालेलं, आणि कॉर्निशवर, म्हणजे तिथल्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, लाटा कठडा ओलांडून थेट गाड्यांच्या काचांवर आदळत होत्या. आमची लोकल गाइड निथळत्या ओव्हरकोटनिशी बसमध्ये चढली आणि चढता चढताच मला म्हणाली, किल्ला बंद, बोटी बंद, कॉर्निशवर बस उभी करू देणार नाहीत. मागे अठ्ठावीस माणसं, त्यातल्या निम्म्यांनी नातवंडांना व्हिडिओ कॉलवर समुद्र दाखवायचं कबूल केलेलं. ऑफिसला फोन लावला तर उत्तर आलं, "मॅनेज कर." झालं.

कुरकुर सुरू व्हायच्या आत गाइडने माईक घेतला. या वादळांना तिकडे नव्वा म्हणतात आणि प्रत्येकीला नाव असतं, ठरलेल्या तारखांच्या आसपास ती येतात, कोळी लोक त्यावर होड्यांचा हिशोब करतात, नोव्हेंबरातल्या एकीचं नावच मुळी झाडू, सगळं झाडून नेते म्हणून. मागून लगेच आवाज आला, "म्हणजे आपला हत्ती नक्षत्राचा पाऊस की!" मग वाहन बेडूक की म्हैस यावर दहा मिनिटं चर्चा, मला तेवढा वेळ मिळाला. गाइडला म्हटलं, छपराखाली काय आहे? ती म्हणाली, छपराखाली कशाला, जमिनीखाली जाऊ.

बस कर्मूझ नावाच्या वस्तीत वळली. वाटेत जुनी कापसाची गोदामं लागतात, मिनेत अल-बसल म्हणतात त्या भागाला. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि हे शहर रातोरात श्रीमंत झालं, असं गाइड सांगत होती. मी मराठीत जोडून दिलं की त्याच चार वर्षांत आपली मुंबईही कापसावरच फुगली आणि 65 साली फुटली. यवतमाळचे एक काका, जे चार दिवस कुणाशी फारसं बोलले नव्हते, ते एकदम खिडकीला नाक लावून बसले. घरचा कापूस आहे त्यांचा.

कोम अल-शोकाफा. अर्थ, खापरांची टेकडी. 1900 साली इथे एक गाढव जमिनीत पडलं आणि त्या भोकातून दुसऱ्या शतकातलं भुयारी कबरस्तान सापडलं. मधोमध विहिरीसारखा खड्डा, त्यातून दोराने प्रेतं खाली सोडायचे, आणि त्याच्याभोवती गोल फिरत उतरणाऱ्या 99 पायऱ्या. पायऱ्यांचा आकडा मी मुद्दाम सांगितला नव्हता, तरी दोन गुडघ्यांनी वरूनच हात जोडले.

खाली मुख्य कबरीच्या दाराशी अनुबिस कोरलाय, इजिप्तचा मृतांचा देव, तोंड कोल्ह्याचं आणि अंगावर चिलखत रोमन शिपायाचं. दाराच्या दोन्ही बाजूंना ग्रीकांची मेदुसा, केसांच्या जागी साप असलेली. तीन धर्म एकाच भिंतीवर आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही. पण आमचा ग्रुप अडकला तो त्याच्या आधीच्या खोलीत. चौकोनी दालन, तीन बाजूंना खडकातच कोरलेले रुंद ओटे. गाइड म्हणाली, ही जेवायची खोली. मेलेल्या माणसाचे नातेवाईक ठराविक दिवशी इथे यायचे, या ओट्यांवर गाद्या टाकून आडवे होऊन जेवायचे, आणि ज्या भांड्यांतून जेवण आणलं ती घरी परत न्यायची नाहीत, इथेच फोडून टाकायची. वर त्याचाच ढीग साचला, म्हणून खापरांची टेकडी.

एक सेकंद सगळे गप्प. मग सांगलीच्या काकू म्हणाल्या, "मडकं फोडतात तसं." दुसऱ्या लगेच, "पण इथे बसून जेवायचं? आपण स्मशानातून आल्यावर आंघोळीशिवाय पाणी तोंडाला लावत नाही." "अहो मग वर्षश्राद्धाला काय करतो, जेवतोच ना, नुसती जागा बदलली." असं सगळं जोरात चाललेलं, त्या दालनात आवाज घुमतोय, गाइड मला विचारतेय भांडण झालं का, आणि मी तिला पितृपक्ष इंग्लिशमध्ये समजावतोय, जे आजवर कुणालाही नीट जमलेलं नसावं. ग्रुपमधल्या एक बाई, ज्यांनी ही टूर नवऱ्याबरोबर बुक केलेली आणि आता एकट्याच आलेल्या, त्या ओट्याच्या कडेवरून हात फिरवत होत्या. दगड ओला होता, बोटं काळी झाली. त्यांनी विचारलं, जेवायला काय आणत असतील? गाइडने खांदे उडवले. त्याच म्हणाल्या, "त्याच्या आवडीचंच आणत असणार."

मी पुढचं काही बोललो नाही.

वर आलो तर पाऊस उघडला होता. एक पॉम्पीचा खांब म्हणून जवळच आहे, पॉम्पी या रोमन सेनापतीचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो रोमन सम्राट डायोक्लेशनचा, तो बसमधूनच दाखवला. थांबलो ते कोम अल-दिक्का. 1960 मध्ये सरकारी बांधकामासाठी माती उपसताना इथे रोमन थिएटर निघालं, पोलंडच्या लोकांनी खोदलं. थिएटर छान आहे पण त्याच्या शेजारी साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचे वर्ग आहेत, खरेखुरे लेक्चर हॉल, वीसेक तरी. घोड्याच्या नालासारख्या दगडी पायऱ्या विद्यार्थ्यांना, आणि मधोमध सगळ्यात वर शिक्षकाची उंच जागा.

आमच्यात एक रिटायर्ड मुख्याध्यापक होते. आत जायला परवानगी नव्हतीच, बाहेरच उभे राहिले, छत्री काखेत, आणि बराच वेळ त्या उंच जागेकडे बघत राहिले. मग वळून आम्हालाच म्हणाले, "चला, हजेरी." आणि माझं काम त्यांनी केलं, बोट दाखवत मोजलं. सत्तावीस. पुन्हा मोजलं. सत्तावीस. म्हटलं, सर, स्वतःला धरलंत का? "धरलंय. यवतमाळ गैरहजर."

पोटात गोळाच आला. काकांना इंग्रजी येत नाही, अरबीचा प्रश्नच नाही. गेटकडे धावलो, रस्त्यावर पाहिलं, शेवटी बसकडे गेलो.

काका ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर, मध्ये स्टीलचा उघडा डबा. ड्रायव्हरचं सासर अलेक्झांड्रियात, मेव्हणीने सकाळी भरून दिलेला. आदल्या दिवशी कैरोत सगळ्यांना कोशारी खाऊ घातली होती, भात, मसूर, मॅक्रोनी, छोले, टोमॅटोचा रस्सा, आणि "उरलंसुरलं एकत्र केलंय" म्हणून बायकांनी नाकं मुरडली होती. इकडची कोशारी मात्र वेगळी, मॅक्रोनी वगैरे काही नाही, पिवळीधमक, डाळ-तांदूळ, जिरं, वरून तळलेला कांदा. ड्रायव्हर मोबाइलवर त्याच्या भावाच्या शेतातलं बोंड दाखवत होता, काका दोन बोटं ताणून धाग्याची लांबी विचारत होते.

मला बघून काकांनी चमचा पुढे केला. "घ्या, खिचडीच आहे. मीठ थोडं कमी आहे."