आरमोरीच्या येनावर

ब्रह्मपुरी सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. भादवा होता, धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या. रस्त्याकडेचे साग मात्र भर पावसाळ्यात तपकिरी पडलेले. पानं झाडावरच, पण शिरांची नुसती जाळी उरलेली. अळीचं काम. साग मला नेहमीच कोड्यात टाकतो. लाकडाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी रसायनं भरून ठेवतो, वाळवी तिथे सहसा फिरकत नाही. पानं मात्र अळीच्या हवाली. पुन्हा पालवतो म्हणा, त्याला सवय असावी.

आम्ही निघालो होतो कोसा, म्हणजे टसर रेशमाचे कोष, बघायला. आरमोरीच्या आसपास ढिवर कुटुंबं येनावर, म्हणजे पुण्याकडच्या ऐनावर, टसरच्या अळ्या वाढवतात. गाडी डांबरावर ठेवली नि चिखल तुडवत रानात शिरलो. मगरीच्या पाठीसारखी साल आली की येन ओळखावा. त्याच्या खाली हातात गुलेर घेऊन एक काका पाखरं राखत बसले होते.

"चावून पाहा न जी," त्यांनी पान पुढे केलं.

तुरट म्हणजे किती तुरट! जीभ टाळूला चिकटली. पानातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड असं कोरडं पडतं. याच गुणामुळे ऐनाची साल चामडं कमावायला वापरायचे. आता हेच टॅनिन एखाद्या किड्याच्या पोटात गेलं, तर खाल्लेल्या पानातलं प्रथिन त्याच्या अंगी कसं लागणार?

टसरच्या अळीला मात्र लागतं. बोटापेक्षा जाड, हिरवीगार, चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत पोचलेली ती अळी आमच्यादेखत पान संपवत होती. पतंगांच्या अळ्यांचं पोट आम्लधर्मी नसतं, चांगलंच अल्कधर्मी असतं. तिथे टॅनिनची प्रथिनांवरची पकड सुटते. म्हणून झाड हरलं असंही नाही. अशा पोटात काही टॅनिनांचं ऑक्सिडीकरण होऊन आतड्याला इजा करणारे पदार्थ बनतात. ज्या अळ्यांना तेही निभावता येतं, त्याच येनावर जगतात.

मला खरी गंमत वाटली ती पानाच्या पाठीवर. देठाजवळ दोन बारीक गाठी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. त्याच्या ओढीने मुंग्या येतात आणि पानावर अळी दिसली तर तिलाही सोडत नाहीत. झाडाने पगारी राखणदारच ठेवलेत म्हणा.

काकांचं मत अर्थातच वेगळं. "मुंग्या लागल्या का अळी गेलीच समजा," म्हणत त्यांनी लाल मुंग्यांचं पानांचं घरटं असलेली फांदी दाखवली. ती आता तोडायची होती. एका झाडाचा पाला संपला की डहाळीसकट अळ्या दुसऱ्या झाडावर. मुंग्यांपासून राखायचं ते अळीला, झाडाला नव्हे! जंगलावरचे लेख वाचून आपण झाडाची बाजू घेऊन येतो. इथे घर चालतं ते अळीवर.

गावात परतल्यावर त्यांच्या घरी कोसे पाहिले. रेशमाच्याच देठाने डहाळीला घट्ट बांधलेले, दाबले तरी न दबणारे. सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केल्याशिवाय धागा सुटत नाही. काकूंनी पातेल्यात सोडा हाताच्या अंदाजानेच टाकला. जास्त झाला तर धागा कमजोर होतो, म्हणाल्या.