अंडं कितवं, ते आधी सांगा

कोणत्या जातीची कोंबडी कोणत्या रंगाचं अंडं देते, याचे तक्ते सगळीकडे मिळतात. लेगहॉर्न पांढरं, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी, अरौकाना निळं, मरान्स चॉकलेटी. तक्ता खोटा नसतो, पण खुराड्यातल्या कोंबडीने तो वाचलेला नसतो.

मरान्सचं घ्या. या फ्रेंच जातीच्या शौकिनांकडे 1 (फिकट) ते 9 (सर्वांत गडद) अशी रंगपट्टी असते. अंडं पट्टीला लावायचं आणि 4 च्या खाली गेलं की नाक मुरडायचं. मला मात्र आधी विचारावंसं वाटतं, हे अंडं कितवं? तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, नुकती अंड्यावर आली की पहिली अंडी झकास गडद येतात. पुढे ती घालत राहते तसा रंग उतरत जातो. पिसं गाळून, विश्रांती घेऊन पुन्हा सुरू झाली की परत चढतो. कोंबडी तीच, दाणाही तोच. मग पट्टीवरचा आकडा नक्की कुणाचा?

टरफल तयार व्हायला साधारण 20 तास लागतात, आणि तपकिरी रंगाचा मोठा हिस्सा त्यातल्या शेवटच्या काही तासांत बसतो. नेमकी तेव्हाच कोंबडी बिथरली तर अंडं फिकं येऊ शकतं. हा रंग किती वरवरचा असतो ते पाहायचं असेल, तर मरान्सच्या ताज्या अंड्यावर ओलं बोट घासा. बोट तपकिरी होतं आणि अंड्यावर फिकट ओरखडा उमटतो. फोडलंत तर टरफलाची आतली बाजू जवळजवळ पांढरी.

निळ्याचं तसं नाही. तो रंग टरफलात आरपार मुरलेला असतो, आतूनही निळा. हिरवं अंडं म्हणजे याच निळ्यावर फिरलेला तपकिरी हात. आणि हा निळा आला कुठून? कोंबडीच्या जनुकांत कधीकाळी घुसून बसलेल्या एका विषाणूमुळे, असं 2013 मध्ये संशोधकांनी दाखवलं. तेही चिलीतल्या आणि चीनमधल्या कोंबड्यांत वेगवेगळं घडलेलं! विषाणूचं नाव चांगल्या कामात निघावं, असे प्रसंग थोडेच.

कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग सांगणारे जाणकारही भेटतात: पाळी पांढरी तर अंडं पांढरं, लाल तर तपकिरी. लेगहॉर्नपुरतं ठीक. पण स्पेनमधल्या पेनेदेसेंकाची पाळी पांढरी आणि अंडं गडद तपकिरी, तर अरौकानाची पाळी लाल आणि अंडं निळं.

पारखायचंच असेल तर अंडं कोरडं असावं, उजेड दिवसाचा पण सावलीतला असावा, आणि एकाच कोंबडीची निरनिराळ्या महिन्यांतली अंडी शेजारी ठेवावीत. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यात साधी तपकिरी अंडीसुद्धा चॉकलेटी दिसतात, आणि पिल्लं विकणाऱ्याला हे आपल्याआधी ठाऊक असतं.