सात की साठ?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत २००९ साली भाड्याचा एक गाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यांना पिना मारायचं जुनं स्टिचिंग मशीन आणि मी. बायको हिशेब बघायची, मेहुणा टेम्पो चालवायचा. द्राक्षांच्या पेट्या आणि औषधांचे खोके यांवरच पहिली काही वर्षं निघाली. मग पंचिंग, म्हणजे साच्याने पुठ्ठा कापणं, आलं, प्रिंटिंग आलं, माणसं वाढली. हे सगळ्याच खोकेवाल्यांचं थोड्याफार फरकाने सारखं असतं, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. सांगायचंय ते एका चुकलेल्या सॅम्पलबद्दल.

पंचिंगवर आमच्याकडे एक कर्णबधिर मुलगा आहे. हात इतका साफ, की डाय, म्हणजे कापायचा साचा, बसवायला इतरांच्या निम्माच वेळ घेतो. एका सकाळी सुपरवायझरने चालता चालता, अर्धवट मान वळवून त्याला सांगितलं, ‘पाच प्लायचे साठ कर.’ म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे साठ खोके. दुपारी ग्राहकाची गाडी गेटवर आणि टेबलावर खोके सात. सगळे म्हणाले, ‘त्याला ऐकू येत नाही ना!’ मीही तेच म्हणालो.

त्याच सुमारास एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट आलं. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे खासगी कारखान्यालाही समान संधीचं सविस्तर धोरण ठेवावं लागतं, हे ऑडिटरने सांगितलं तेव्हा मला कळलं. आमच्या हजेरीपटावर सव्वीस माणसं होती. धोरण एका संध्याकाळी लिहिलं आणि त्यासोबत दिव्यांगांबद्दल समज वाढवणारी एक कार्यशाळाही उरकून टाकू म्हटलं. ‘उरकून टाकू’ हाच शब्द होता माझा.

ती फसली. डोळ्यांवर पट्ट्या, कानांत बोळे, एक पाय बांधून चालणं. पोरं आधी खिदळली, मग गप्प झाली, शेवटी दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या, फोटो. दुसऱ्या दिवसापासून जो तो त्या मुलाच्या हातातला गठ्ठा काढून घेऊ लागला. चहा आधी त्याला. पेस्टिंगच्या मावशींनी तर डोक्यावरून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी त्याने जॉब कार्डाच्या, म्हणजे कामाचा तपशील लिहिलेल्या कार्डाच्या, मागे काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं: ‘मी आजारी नाही.’

पुढे वाचनात आलं, की अमेरिकेतल्या एरिएल सिल्व्हरमन या संशोधिकेने, ज्या स्वतः अंध आहेत, नेमकं हेच तपासलं होतं. पट्टी बांधून वावरलेल्या लोकांना नंतर अंध माणसं कमी सक्षम वाटू लागली. पट्टीने पहिल्या दहा मिनिटांची धडपड कळते, वर्षानुवर्षांचा सराव कळत नाही. आमच्याकडे दया वाढली, काम कसं सांगायचं ते कोणालाच उमगलं नाही.

मग पुन्हा कार्यशाळा घेतली. या वेळी शिकवायला आलेल्या ताई स्वतः कर्णबधिर होत्या, सोबत दुभाषी. पंचिंग मशीन चालूच ठेवायला लावलं. आमच्या कानांत बोळे, वर इअरमफ. एकाने शब्द बोलायचा, बाकीच्यांनी ओठ बघून लिहायचा. पाय, बाय, माय. शब्द तीन, ओठ एकच. मग त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. मी बोललो, सुपरवायझरने पाटीवर ७ लिहिलं. चिठ्ठीत ‘साठ’ होतं. पुन्हा बोललो, पुन्हा ७. तो पाटीकडे बघत राहिला, मग त्या मुलाकडे. बोलला काहीच नाही.

माझीही फजिती झाली. मी खिडकीकडे पाठ करून बोलत होतो, त्यामुळे चेहऱ्यावर अंधार. ताईंनी दंडाला धरून मला फिरवलं. सुपरवायझरच्या मिशीत त्याचा वरचा ओठच दिसत नाही, हे तर आम्हाला बारा वर्षांत सुचलं नव्हतं.

शेवटी वीस मिनिटं आवाज बंद आणि एक जॉब पूर्ण करायचा. म्होरक्या तो मुलगा. आम्ही शिकाऊ, तेही मठ्ठ. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा सरकारी शब्दकोश आहे. आमच्या कामाच्या खुणा मात्र त्यानेच आम्हाला ठरवून दिल्या. बोटांची लाट म्हणजे फ्लूट, पुठ्ठ्यातला नागमोडी थर; मनगट गोल फिरवलं की कागदाचं रील. त्या दिवशी त्याचा गठ्ठा कोणी हिसकावला नाही.

त्यानंतर आकडा तोंडी सांगणं बंद झालं. जॉब कार्डावर अंकी आणि अक्षरी, दोन्ही. बोलायचं तर समोर येऊन, उजेडाकडे तोंड करून. मागून हाक मारण्याऐवजी नजरेसमोर हात हलवून. सर्वांत जास्त फायदा झाला बिहारहून आलेल्या पोरांचा. मराठी नीट न कळताही ती इतके दिवस माना डोलवत होती, हे आम्हाला तेव्हाच समजलं. मिशी सुपरवायझरने कापलेली नाही. आणि नवा टेम्पोवाला आला, की अजूनही त्या मुलाच्या कानाशी ओरडतोच.

परवा घाईत मी स्वतः कार्ड भरलं आणि अक्षरी रकाना मोकळा सोडला. दहा मिनिटांत तो केबिनमध्ये हजर. कार्ड टेबलावर ठेवलं, माझ्या आकड्यावर बोट टेकवलं आणि भुवया उंचावल्या. मीही चष्मा लावून पाहिलं. १ आहे की ९, ते मलाही सांगता येईना.