पांढऱ्या डागाचा वैरी

घर साफ करायला एकच स्वस्त बाटली पुरावी, ही इच्छा जुनीच आहे. काचेला एक, फरशीला दुसरं, नळांना तिसरं असं करत सिंकखालचा कप्पा भरून जातो. मग कुणीतरी सांगतं, हे सगळं टाका आणि पांढरं व्हिनेगर आणा. सल्ला अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यापायी संगमरवराची चमक जाते, ओट्यावरचा ओशटपणा तसाच राहतो आणि दोष मात्र घासणाऱ्या हाताला लागतो. सगळ्या डागांना एकच औषध लावणं म्हणजे सब घोडे बारा टक्के.

साध्या पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीत असतं काय? पाणी, आणि त्यात चार ते पाच टक्के ॲसिटिक आम्ल. बस्स, एवढंच. साबण नाही, तेल सोडवणारं काही नाही. हे आम्ल सौम्य असलं तरी एका कामात तरबेज आहे: पाण्याचे क्षार विरघळवणं. रंगीत किंवा फळांचं व्हिनेगर मात्र सफाईला घेऊ नये. त्यातला रंग आणि उरलीसुरली साखर पुसलेल्या जागी चिकटा ठेवून जाते.

क्षार म्हणजे नळाच्या बुडाशी, शॉवरच्या भोकांत आणि किटलीच्या तळाशी जमणारा तो पांढरा, खरखरीत थर. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, तोवर ते दिसत नाही. पाणी तापलं किंवा थेंब जागच्या जागी सुकला, की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि ते पाण्यात परत विरघळायचं नाव घेत नाही. म्हणून साध्या पाण्याने कितीही पुसलं तरी डाग सुकल्यावर पुन्हा हजर. ॲसिटिक आम्ल या कार्बोनेटचं कॅल्शियम ॲसिटेट करतं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि सोबत कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे निघतात. पाच टक्क्यांचं एक लिटर व्हिनेगर कागदावरच्या हिशोबाने चाळीसेक ग्रॅम क्षार विरघळवू शकतं. म्हणजे अर्धा कप व्हिनेगर चार-पाच ग्रॅमवर थकतं. थर जाड असेल तर तेच व्हिनेगर तासन्‌तास ठेवून उपयोग नाही. बुडबुडे थांबले की ते ओतून ताजं घ्यावं.

या कामात घासण्यापेक्षा वेळेला महत्त्व आहे, आणि ते सगळ्यात छान दिसतं नळाच्या तोंडाशी. धार बारीक झाली, तिरकी फुटायला लागली, की पाण्याचा दाब कमी झाल्याची तक्रार सुरू होते. बहुतेक वेळा दाब ठीकच असतो, तोंडाची जाळी बुजलेली असते. ती काढताना आधी सिंकचं भोक झाकावं, नाहीतर वॉशर थेट आत जातो. जाळीच्या कडेला जाड फडकं गुंडाळून पक्कडीने हलक्या हाताने फिरवावं. फडक्याशिवाय पक्कड लावली तर मुलाम्यावर कायमचे दात उमटतात. जाळी खालून बघत असाल तर ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट सुटते, वरून बघितलं तर दिशा बदलते. इथेच माणसं चुकून ती आणखी घट्ट करतात. आतले भाग निघतील तसे एका ओळीत मांडून ठेवावेत: वॉशर, प्लॅस्टिकची चकती, बारीक जाळी. क्रम उलटा झाला तर नळ कडेने गळतो. रबरी वॉशर बाजूला काढून बाकीचे भाग वाटीभर, पाणी न मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवावेत. व्हिनेगर कोमट असलं तर काम लवकर होतं. मग जुन्या टूथब्रशने उलट बाजूने, म्हणजे पाणी जिथून बाहेर येतं त्या बाजूने, खडे मागे ढकलावेत. बसवण्याआधी नळ क्षणभर सोडून आत अडकलेली वाळू वाहू द्यावी.

शॉवर काढता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घेऊन ती शॉवरच्या तोंडावर रबरबँडने बांधतात. युक्ती चांगली आहे, पण रात्रभर बांधून झोपू नये. मुलामा चढवलेल्या धातूला अर्धा तास पुरे. मुलामा कुठे टवका जाऊन उघडा पडला असेल तर आम्ल खालच्या धातूला खातं आणि तिथून पापुद्रे सुटतात. नळाच्या बुडाशी उभ्या जागेवर व्हिनेगर टिकत नाही, ओघळून जातं. तिथे टिश्यूपेपर भिजवून गुंडाळून ठेवावा आणि अर्ध्या तासाने त्याच कागदाने पुसून धुऊन टाकावं.

किटलीसाठी पाणी आणि व्हिनेगर निम्मंनिम्मं, थर बुडेल इतकं. एक उकळी आणून बंद करावी, वीस-तीस मिनिटांनी ओतावं, आणि मग नुसतं पाणी दोनदा उकळून फेकावं. उकळताना वाफेवर तोंड नेऊ नये, ठसका लागतो.

आता त्या प्रसिद्ध फसफसण्याबद्दल. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकला की फेस उसळतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी जबरदस्त चाललंय. चाललेलं असतं ते एकमेकांना संपवण्याचं काम. सपाट चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम सोडा, सुमारे ७० मिलिलिटर व्हिनेगरमधलं सगळं आम्ल खाऊन टाकतो. फेस बसल्यावर भांड्यात उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी: ना धड आंबट, ना धड सोड्याचं. डागावर ते जवळपास साध्या पाण्याइतकंच काम करतं. शिवाय तेवढ्याशा सोड्यातून लिटरभराहून जास्त वायू निघतो. ही जोडी स्प्रेच्या बाटलीत घालून झाकण आवळलं तर बाटली फुटू शकते. तुंबलेल्या पाइपात हे मिश्रण ओतण्याचा सल्लाही याच जातकुळीतला. केसांचा बोळा ना आम्लाने विरघळतो ना सोड्याने, तो तारेच्या आकड्यानेच ओढून काढावा लागतो. दोन्ही वस्तू आपापल्या जागी कामाच्या आहेत. सोडा जरा ओला करून करपलेल्या डागावर घासायला छान, कारण तो बारीक आणि मऊ खरखर देतो. वापरायच्या तर एकानंतर एक, मध्ये धुऊन.

तेलकट चिकट्यापुढे व्हिनेगर हात टेकतं. तेल पाण्यात यायला साबणासारखं काहीतरी लागतं, किंवा अल्कधर्मी पाणी. चिमणीभोवतीच्या कपाटांवर व्हिनेगर मारून पुसलं की चिकटा नुसता इकडून तिकडे सरकतो. तिथे कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, पाच मिनिटं मुरू देणं आणि मग पुसणं, याला तोड नाही. थर फारच जुना असेल तर लिटरभर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, हातात मोजे घालून. मात्र ॲल्युमिनियमला तो लावू नये, धातू काळा पडतो. तेल आणि क्षार एकाच जागी असतील, आणि बाथरूममध्ये ते बहुधा असतातच, तर आधी साबण, मग स्वच्छ पाणी, आणि शेवटी व्हिनेगर. क्रम उलटला तर तेलाचा पापुद्रा आम्लाला क्षारापर्यंत पोचूच देत नाही.

साबण आणि व्हिनेगर एकाच बादलीत घालायचा मोहही होतो. खऱ्या साबणाच्या बाबतीत हे बरोबर उलटं पडतं. आम्लामुळे साबण मोडतो आणि त्यातली मेदाम्लं वेगळी होऊन पाण्यावर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरट गोळे तरंगायला लागतात. ते फरशीवर पसरले की एका डागाऐवजी दुसरा. भांड्यांच्या लिक्विडमधलं डिटर्जंट असं फुटत नाही, म्हणून काच पुसायच्या पाण्यात त्याचा एक थेंब चालतो. खरोखर एकच. दुसऱ्या थेंबाने काचेवर पट्टे उमटतात.

काचेचं प्रमाण: एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी. फडकी दोन हवीत, एक ओलं आणि एक कोरडं, आणि दुसरं पहिल्याच्या पाठोपाठ फिरायला हवं. ऊन पडलेली काच पुसू नये, पाणी पुसण्याआधीच सुकतं. आरशावर थेट फवारा मारू नये, फडक्यावर मारावा. ओघळ आरशाच्या खालच्या कडेशी थांबतो, मागच्या चांदीच्या थरात शिरतो आणि कडा काळ्या पडत जातात. ते काळं मग कशानेही जात नाही. शॉवरच्या काचेवर काही डाग व्हिनेगरलाही दाद देत नाहीत. अशा डागावर एक थेंब ठेवून निरखावं. बुडबुडे आले तर क्षार आहे, धीर धरा. काहीच हललं नाही तर बहुधा काचेचा पृष्ठभागच झिजलाय, आणि तिथे आणखी व्हिनेगर वाया घालवण्यात अर्थ नाही.

हीच थेंबाची गोष्ट दगडाला भोवते. संगमरवर आणि चुनखडी म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. नळावरचा पांढरा थर आणि संगमरवराची लादी यांत आम्लाला काही फरक कळत नाही. मिनिटा-दोन मिनिटांत गुळगुळीत पृष्ठभागावर निस्तेज चट्टा पडतो आणि तो डाग नसून खड्डा असतो. पुसून जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. संगमरवराच्या तुकड्यांची मोझॅक फरशीही त्यातच आली. ग्रॅनाइट स्वतः टिकतो, पण त्यावरच्या सीलरचा, म्हणजे पाणी आणि डाग आत शिरू न देणाऱ्या लेपाचा, भरवसा नाही. सिरॅमिक टाइल्सना काही होत नाही, त्यांच्या सांध्यांमधल्या सिमेंटला मात्र होतं. म्हणून टाइल्सवर व्हिनेगर लावण्याआधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यावेत. छिद्रं आधीच पाण्याने भरलेली असली की आम्ल फार खोल उतरत नाही. लोखंडी तवा, ॲल्युमिनियमची भांडी, मेण लावलेलं लाकूड, फोन आणि टीव्हीचे पडदे यांच्या वाटेला व्हिनेगर घेऊन जाऊच नये. वॉशिंग मशीनमध्ये दर धुण्याला ओतायची सवयही रबरी गॅस्केटसाठी बरी नव्हे.

व्हिनेगर काही जंतूंना मारतं, पण भरवशाचं जंतुनाशक म्हणून त्याच्याकडे बघू नये. आणि जंतुनाशक हवं म्हणून त्यात ब्लीच तर कधीच घालू नये. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. एकापाठोपाठ एक वापरतानाही हा धोका असतो, आधीचं नीट वाहून गेलेलं नसेल तर. असा वास आलाच तर पाणी ओतत बसू नये, बाहेर पडावं आणि दार उघडं टाकावं. बाटलीवर आत काय आहे आणि किती पातळ केलंय ते मार्करने लिहून ठेवणं म्हणूनच गरजेचं. पाण्यासारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवण्याइतका बेफिकीरपणा नको.

राहिला वास. ॲसिटिक आम्ल उडून जातं, खिडकी उघडी असेल तर वासही लवकर जातो. तेवढाही सहन होत नसेल त्यांनी सायट्रिक आम्लाची पूड घ्यावी: लिटरभर पाण्यात वीस-तीस ग्रॅम. वास नाही, आणि पूड कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं टिकते. फक्त ते उडून जात नाही, त्यामुळे नीट धुऊन काढावं लागतं. आणि ते कोमटच वापरावं. फार तापवलं तर विरघळलेला क्षार कॅल्शियम सायट्रेट होऊन पुन्हा तळाशी बसतो, आणि तो आधीच्या क्षारापेक्षा चिवट निघतो. उकळायचंच असेल तर व्हिनेगरच बरं.