आयर्विन पुलापासून हरिपूरपर्यंत, कृष्णेच्या कडेनं

सांगलीला आलेला पाहुणा गणपतीचं दर्शन घेतो, भडंग बांधून घेतो आणि परतीची गाडी पकडतो. माझी विनंती आहे, एक सकाळ जास्तीची काढा आणि नदीच्या कडेनं चाला. मी आणि माझा आतेभाऊ डिसेंबरात गेलो होतो. सकाळी साडेसहाला पुलावर धुकं होतं, खालून धुणं आपटल्याचा आवाज तेवढा येत होता.

आयर्विन पूल १८ नोव्हेंबर १९२९ ला खुला झाला. पुलावरून फोटो काढून निघू नका, घाटावर उतरा. खांबावर फुटांचे आकडे रंगवलेत. ४० ला इशारा, ४५ ला धोका. पावसाळ्यात इथं माणसं रामराम नंतर घालतात, आधी विचारतात, “आयर्विनला किती?” ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. हिवाळ्यातल्या शांत पाण्याजवळ उभं राहून ती उंची नजरेनं मोजली आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

पायरीवर एक आजोबा अंगाला तेल चोळत बसले होते. भावानं विचारलं, “आजोबा, पाणी तुमच्या घरात आलं होतं का?” ते म्हणाले, “आलं न्हवं बाळा, ऱ्हायलं. आठ दिस ऱ्हायलं. भिंतीवर रेघ हाय अजून, पुसली न्हाई मी.”

सांगली आधी लहानसं गाव होतं. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी इथं राजधानी केली. गणेशदुर्ग बांधला, भोवती खंदक खणला, पेठा बसवल्या. नदीकाठी काळ्या दगडाचं गणपती मंदिर उभं राहिलं. ते १८४४ च्या आसपास पुरं झालं. याच किल्ल्यातल्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार खंदकात उड्या टाकून निसटले. दादांची समाधीही कृष्णेच्या काठावरच आहे, वाटेत थांबा.

काठानं चालताना एक गोष्ट मनात बसली. नदीलगत घाट, देवळं आणि मळीची जमीन. म्हणजे पाणी आलं तरी ओसरून जाईल अशी जागा. गावातलं पाणी नदीकडे नेणारे ओत होते. ते पुढं बुजत गेले, त्यांच्यावर घरं आली, आणि आता पूर आला की पाणी नेमकं त्याच वाटेनं आत शिरतं. याचं मला फार वाईट वाटतं. वाट ठाऊक असूनही आपण ती अडवली.

मग रिक्षानं कॉलेज कॉर्नरजवळच्या आमराईत जा. संस्थानाच्या काळातली ही बाग आहे. एका जुन्या झाडाला हात लावला, तर सालीच्या भेगांत अख्खं बोट बसत होतं. फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते ती पहाटे आणि संध्याकाळी.

हरिपूर शहरापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. पाय चांगले असतील तर चालतच जा, चिंचांची जुनी झाडं आहेत तोवर त्यांची सावली घ्या. संगमेश्वराच्या देवळामागं वारणा कृष्णेला मिळते. दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसतात का, हे बघायला आम्ही अर्धा तास बसलो. त्या दिवशी तरी दिसले नाहीत. हरिपूरची हळदीची पेवं कुणाकडून तरी दाखवून घ्या. तोंडाशी अरुंद, खाली पोटात रुंद असे हे जमिनीतले खड्डे. त्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली. उघड्या पेवात वाकून डोकावू नका, आतली हवा घातक असते.

जाणाऱ्यांसाठी थोडं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. श्रावणी सोमवारी हरिपूरला यात्रा असते, गर्दी नको असेल तर तो दिवस टाळा. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, पकड असलेल्या चपला घाला. संगमावर भोवरे असतात, मुलांना पाण्यात सोडू नका. पावसाळ्यात निघण्याआधी सांगलीतल्या ओळखीच्या कुणालाही फोन करून आयर्विनची पातळी विचारा. ४० च्या जवळ असेल तर बेत पुढं ढकला. आणि पाणी बरोबर घ्या, हरिपूरच्या रस्त्यावर दुकानं उशिरा उघडतात.