तुम्ही विचारलंत म्हणून: तपासणी होती ना, मग?

कम्प्रेशनवर, म्हणजे फाइल दाबून लहान करण्यावर, कुठेही बोलायला गेलो की शेवटी कुणीतरी हात वर करतंच: “सर, जागा पुरतेय का हे कोड तपासत होतं ना? मग इतकी वर्षं भोक राहिलं कसं?”

प्रश्न एलझेडओचा. 1990च्या दशकात मार्कुस ओबरह्यूमर यांनी लिहिलेली, डोळ्याचं पातं लवायच्या आत दाबलेली फाइल उलगडणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारं तयार कोड. लिनक्सच्या कर्नलपासून (गाभ्यापासून) नासाच्या मंगळावरच्या गाड्यांपर्यंत पोचलेली. जून 2014मध्ये सुरक्षा-संशोधक डॉन बेली यांनी तिच्यातली चूक जाहीर केली.

तपासणी होती, हे खरंच. कॉपी करायच्या तुकड्याची मोठी लांबी सांगायची तर एलझेडओ ओळीनं शून्य बाइट ठेवतं आणि उलगडणारा प्रत्येक शून्यामागे 255 मिळवत जातो. 32 बिटांच्या मोजणीत सर्वांत मोठा आकडा 4,29,49,67,295. त्याला 255नं भागा: बरोबर 1,68,43,009, बाकी शून्य. म्हणजे साधारण 16 एमबी नुसती शून्यं खायला घातली की मोजणी काठावर येते. त्यात कोड आणखी 3 मिळवून विचारतं, एवढी जागा आहे का? बेरीज काठ ओलांडून पुन्हा शून्याजवळ येते. एवढीशीच जागा हवी? आहे की! तपासणी झाली चिमुकल्या आकड्याची, कॉपी सुरू होते अवाढव्य आकड्यानं.

आता 1990च्या दशकातला पीसी आठवा. अख्ख्या मशीनची मेमरी 8 किंवा 16 एमबी असायची. तेवढी शून्यं कोण देणार होतं? त्यामुळे लिहिणाऱ्याला हसायला मी तयार नाही. शिवाय 64 बिटांवर ही युक्ती व्यवहारात चालत नाही आणि ब्लॉक, म्हणजे एका वेळी उलगडायचे तुकडे, लहान असतील तर तेवढी शून्यं मावतच नाहीत. तेव्हा गवगवा जरा जास्तच झाला, असं माझं मत.

मला जास्त धास्ती वाटते ती बीझिप2 या फाइल दाबणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामातल्या 2010च्या चुकीची. तिथे लांबी मोजताना प्रत्येक पुढच्या चिन्हाचं वजन आधीच्याच्या दुप्पट होतं. शून्यांचा डोंगर नको, तिसेक चिन्हं झाली की आकडा फुटलाच. आणि एवढ्या लांबीची गरजच नसते, ब्लॉक असतो जास्तीत जास्त 9 लाख बाइटचा! 1.0.6 आवृत्तीतली दुरुस्तीही छोटीच: वजन 20 लाखांच्या आसपास पोचलं की फाइल खराब समजून थांबायचं.

एलझेडओची बातमी वाचली त्या रात्री मी माझं जुनं कोड उघडलं. “वापरलेली जागा अधिक लांबी, मर्यादेपेक्षा जास्त आहे का?” हे सात ठिकाणी सापडलं. सगळीकडे बेरजेऐवजी वजाबाकी केली: मर्यादेतून वापरलेली जागा वजा करून उरलेल्याशी लांबी ताडायची. सातपैकी एका ओळीवर माझ्याच हातची टीप होती, “इथे तपासलं आहे”.